आत्याबाईच्या मिशा

“मनुष्यजातीच्या इतिहासात अन्याय आजवर सोसला गेला, सांगितला गेला, बहुतेक वेळा नाकारला गेला, आजपासून तो मोजला जाईल,” असं समान संधी न्यायाधिकरणाचे अध्यक्ष भंडाऱ्याच्या सभागृहात म्हणाले आणि त्यांनी यंत्राची कळ दाबली. यंत्र सुरू झालं नाही. त्याची पिन जाड होती आणि भिंतीतली भोकं बारीक. मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडून एक्स्टेन्शन बोर्ड मागवण्यात आला. तो येईपर्यंत बावीस मिनिटं इतिहास थांबून राहिला. झेरॉक्सवाल्याने बोर्ड दिला, पण पाचच्या आत परत पाहिजे असा निरोपही दिला.

ही २०४३ सालची गोष्ट. यंत्राचं कागदोपत्री नाव प्रतितथ्य विश्लेषक. हे नाव भंडाऱ्यात तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी न्यायाधिकरणाच्या पट्टेवाल्याने विचारलं, की हे करते काय? त्याला समजावण्यात आलं, की एखाद्या बाईला नोकरीत बढती मिळाली नाही, तर ती बाई नसून पुरुष असती तर मिळाली असती का, ते सांगते.

“हां,” पट्टेवाला म्हणाला, “म्हणजे आत्याबाईले मिशा असत्या तर.”

तेव्हापासून यंत्राला सगळे आत्याबाई म्हणू लागले. अध्यक्षसुद्धा, दार लावून. आपल्या वाडवडिलांनी ती म्हण रिकामटेकडे तर्क थांबवण्यासाठी केली होती. सरकारने त्याच तर्कासाठी सभागृहात एसी बसवला.

यशोधरा गजभिये नदीमापन महामंडळात चोवीस वर्षं कनिष्ठ अभियंता होती. पवनीच्या केंद्रावरून वैनगंगेच्या पातळीचा आकडा यायचा, ती तो तपासायची, तक्त्यात बसवायची आणि नागपूरला पाठवायची. कोणत्या तारखेला नदी किती सेंटीमीटर चढली हे तिला नातेवाइकांच्या लग्नाच्या तारखांपेक्षा पक्कं पाठ होतं. प्रत्यक्ष नदी मात्र तिने एसटीच्या खिडकीतून, पुलावरून पाहिलेली, तीही उजवीकडची जागा मिळाली तर. तिची इच्छा साधी होती. पवनीच्या केंद्रावर राहायचं, मापनपट्टीशी उभं राहायचं, आणि पूर येताना आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. महामंडळाचा नियमही साधा होता: तीन वर्षं केंद्रावर काढल्याशिवाय बढती नाही. ती दरवर्षी अर्ज करी आणि दरवर्षी जून महिन्यात संगणकावर एक ओळ येई, “यंदा क्षेत्रीय नियुक्ती नाही.” का नाही, हे ओळीत नसे. तिच्याबरोबर लागलेले चौघे कार्यकारी अभियंता झाले. त्यांतल्या एकाला तर पोहताही येत नव्हतं.

नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा मुलगी सुजाता नऊ वर्षांची होती. आता ती हैदराबादला नोकरी करत होती आणि दर रविवारी अकरा मिनिटं फोन करत होती. उरलेल्या आठवड्यात घरात बोलणारा एक मिक्सर होता.

कर्मचारी विधी साहाय्य केंद्र त्याच झेरॉक्सच्या दुकानावर होतं. तिथल्या ॲडव्होकेट तबस्सुम पठाण पस्तिशीच्या. अशिलाचं ऐकताना त्या फाईलला टाचण्या टोचत. दुःख मोठं असेल तर फाईल साळिंदरासारखी दिसू लागे.

“ताई, इथे एकच चौकट आहे,” त्या अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या. “काय बदलून पाहायचं ते एकच लिहायचं.”

“एकच?”

“दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कोणत्यानं पडला हे कसं कळणार?”

“मला दोन्हींनी डावललं असेल तर?”

“तर दोन अर्ज करायचे. कायद्याच्या मते एका वेळी एकच अन्याय होतो.” त्यांनी टाचणी टोचली. “आडनाव आधी बघू. मग मिशा लावू.”

आत्याबाईची युक्ती समजायला अवघड नव्हती. एखाद्या कचेरीचे वीस-पंचवीस वर्षांचे सगळे कागद तिला वाचायला द्यायचे: हजेरी, रजा, बदल्या, शेरे, दारावर बोट टेकवून आत गेल्याच्या नि बाहेर आल्याच्या नोंदी. त्यातून ती प्रत्येक अधिकाऱ्याच्या सहीचा स्वभाव शिके. कोणता साहेब कोणत्या माणसाला, कोणत्या परिस्थितीत ‘हो’ म्हणतो आणि कोणाला ‘नाही’. आपल्या सवयी आपल्याला माहीत नसतात, पण त्या कागदावर पावलांसारख्या उमटत राहतात. मग आधी ती घडलेलाच इतिहास पुन्हा घडवून दाखवी. शंभर निर्णयांतले निदान पंचाण्णव जुळले नाहीत, तर पुरावा बाद. भंडाऱ्याच्या कचेरीचे शहाण्णव जुळले. उरलेले चार ज्या साहेबांचे होते त्यांनी शपथेवर सांगितलं, की त्या दिवशी दाढ दुखत होती.

त्यानंतर ती फक्त एक गोष्ट बदले आणि तोच इतिहास पुन्हा चालवी. एकदा नाही, दहा हजार वेळा. कारण माणूस लहरी आहे, एखाद्या वेळी चांगलाही वागून जातो. दहा हजार वाटांची सरासरी काढली, की जुनी वाट आणि नवी वाट नेमकी कोणत्या टेबलावर वेगळी होते ते दिसे. त्या जागेला कायद्यात ‘वाक’ असं नाव होतं. ज्याच्या टेबलावर वाक, तो प्रतिवादी.

“कोणाच्या टेबलावर निघेल असं वाटतं?” वकीलबाईंनी विचारलं.

“नागपूरला,” यशोधरा लगेच म्हणाली. “इथून तर चांगलंच लिहून जातं. वरून अडतं.”

“हे कोणी सांगितलं?”

“लांजेवार साहेबांनी.”

भास्कर लांजेवार हे तिचे उपअभियंता, गेली चौदा वर्षं. निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिलेले. दरवर्षीचा गोपनीय अहवाल ते लिहीत आणि तो पुढे नागपूरला जाई. पण यशोधराच्या हिशेबी त्यांची खरी ओळख वेगळी होती: त्या कचेरीत तिच्या डब्यातलं खाणारा हा एकच माणूस.

बाकीच्यांनी नाही कधी म्हटलं नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी ती जेवायच्या टेबलाशी आली, तेव्हा कोणाचा उपास निघाला, कोणाचं पोट बिघडलं, आणि हळूहळू टेबलच दुसऱ्या खोलीत गेलं. दहा वर्षं ती खिडकीपाशी एकटी जेवली. मग लांजेवार बदलून आले. पहिल्याच दिवशी दीड वाजता ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बाई, ताटली नाही आणली मी. ते झाकण द्या इकडे.”

तिचा डबा भंडाऱ्याचा, पितळी, आईचा. त्याच्या खोलगट झाकणात तिने भाजी वाढली. तेव्हापासून चौदा वर्षं रोज तेच. जेवण झालं की ते झाकण स्वतः घासत, आपल्या खिडकीत वाळत ठेवत, आणि पाच वाजता ती घेऊन जाई. ताटली त्यांनी कधीच आणली नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

“आज सांबारवडी?” अर्ज दिला त्या दिवशी दुपारी लांजेवार म्हणाले. “काऊन एवढी मेहनत करता बाई तुम्ही?”

“साहेब, मी अर्ज केलाय. आत्याबाईकडे.”

“बरं केलं. त्या नागपूरवाल्यांची खोड मोडली पाहिजे एकदा.” त्यांनी वडी तोंडात टाकली. “मी गेल्यावर झाकणात कोण खाईल मग? तुम्ही तर पवनीले जाऊन राहिल्या.”

“तुम्ही यायचं पवनीला. झाकण आणते मी.”

“येतो ना बाप्पा. मासे खाऊ.”

पहिला अहवाल आठ दिवसांत आला. आडनाव बदललं तेव्हा वाक दोन टेबलांवर पडला: तिच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतले दोन साहेब. एक वारले होते. दुसरे ऑस्ट्रेलियात मुलाकडे राहून समाजमाध्यमांवर सकाळचे सुविचार पाठवत होते. कायद्याची मुदत दहा वर्षांची, म्हणून दोघेही सुटले. यशोधराला आश्चर्य वाटलं नाही. शत्रूंसाठीची तयारी तिने लहानपणापासून केलेली होती. तिने अहवाल वाचला, घडी घातली आणि रात्रीचा भात लावला.

दुसरा अहवाल घ्यायला मात्र वकीलबाईंनी तिला बोलावून घेतलं, आणि आधी चहा मागवला. फाईल त्या दिवशी साळिंदर झाली होती.

या वाटेवर आत्याबाईने तिला यशोधर केलं होतं. आडनाव तेच, पदवी तीच, जोडीदार त्याच वर्षी गेलेला, नऊ वर्षांची मुलगी तीच. यशोधर गजभिये विधुर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी पवनीला गेला. मुलीला आत्याने सांभाळलं. त्याने केंद्रावर सहा वर्षं काढली, दोन मोठे पूर मोजले, उपअभियंता झाला, मग कार्यकारी अभियंता. यशोधरा सावकाश वाचत होती. पान संपलं की पुन्हा मागे जात होती. दूरच्या गावी गेलेल्या सख्ख्या भावाचं पत्र वाचावं तशी.

“वाक कुठे आहे?” तिने शेवटी विचारलं.

“एकाच टेबलावर. चौदा वर्षांत चौदा वेळा.” तबस्सुमबाईंनी पान उलटलं. “नागपूरने एकदाही काही बदललेलं नाही, ताई. इथून जे गेलं त्याच्यावर सही केली. इथूनच ‘क्षेत्रीय कामास योग्य नाही’ असं जात होतं.”

चहावर साय धरली.

“आणि हे एक परिशिष्ट आहे,” वकीलबाई जरा अवघडून म्हणाल्या. “त्याचा केसशी संबंध नाही. दारांच्या नोंदींवरून कोण कोणाबरोबर एका खोलीत होतं याचा तक्ता काढते ती. दुपारी दीड ते दोन, लांजेवार आणि तुम्ही: दोन हजार नऊशे दिवस. लांजेवार आणि यशोधर: शून्य.”

दुसऱ्या दिवशी दीड वाजता यशोधराने नेहमीप्रमाणे झाकणात भाजी वाढली. लाखोरीची डाळ आणि वांगं होतं. लांजेवारांचे दोन घास होऊ दिले. जेवणाऱ्या माणसाला एकदम विचारू नये, एवढं वळण तिच्या आईने लावलेलं होतं.

“साहेब, माझ्या अहवालात ‘योग्य नाही’ तुम्ही लिहिता?”

लांजेवारांचा हात थांबला नाही, फक्त सावकाश झाला.

“पोरगी लहान होती ना तुमची,” ते म्हणाले. “बाईमाणूस, एकटी, तिकडे नदीवर पत्र्याच्या खोलीत. रात्रीबेरात्री पट्टी वाचायची. मी म्हटलं, आधीच एवढं झालं, आणखी हाल कायले.”

“मला विचारलं असतं.”

“विचाराचं काय होतं त्यात? दिसूनच तर राहिलं होतं.”

“मग वरून अडतं, असं का सांगितलं?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

हे ते इतक्या सरळपणे बोलले, की तिला चिडायला कुठे हात घालावा ते सापडेना.

“साहेब, सुजाता आता चोवीस वर्षांची आहे.”

“हो का?” लांजेवार खरोखर चकित झाले. मग ओशाळले. “मी मागच्या वर्षीचाच अहवाल उघडतो, बाई. तारीख बदलतो आणि पाठवतो. सगळेच तसं करतात.”

म्हणजे सुजाता शाळेतून कॉलेजात गेली, स्कूटर शिकली, हैदराबादला पगार घेऊ लागली; महामंडळाच्या दप्तरी मात्र चौदा वर्षं ती चौथीतच बसली होती, आणि तिची आई तिला सोडून नदीवर जाऊ शकत नव्हती.

लांजेवार उठले, झाकण घासलं, खिडकीत ठेवलं. पाच वाजता यशोधरा ते न घेताच घरी गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

वकीलबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच तिच्या घरी आल्या.

“प्रतिवादीचं नाव घातल्याशिवाय नोटीस निघत नाही, ताई. महामंडळ म्हणून चालत नाही. टेबल लागतं, टेबलामागचा माणूस लागतो.”

“त्यांना चार महिने राहिलेत.”

“म्हणूनच आता. निवृत्त झाले की टेबल जातं.”

“चौकशी चालू असली तर निरोप समारंभ होत नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, फोटो नाही.”

“नाही होत.”

“त्यांनी माझं वाईट नाही चिंतलं.”

“नाहीच चिंतलं,” तबस्सुमबाई म्हणाल्या. “आमच्या अब्बांनीही नव्हतं. वकिली नको म्हणाले, कोर्टात माणसं मोठ्यानं बोलतात म्हणून. ताई, कायद्याला हेतूशी देणंघेणं नाही. त्याला तुमची सहा वर्षं उरलीत एवढंच दिसतं. पवनी पाहिजे, की दीड वाजता?”

प्रश्न असा उघडा पडला, की यशोधराला हसू आलं. पवनीला पावसाळ्यात रात्री एका तासात नदी दोन मीटर चढते, हा आकडा तिने स्वतः सतरा वेळा तक्त्यात भरला होता. चढताना आवाज कसा होतो हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

“पेन द्या,” ती म्हणाली.

नोटीस पोचली त्या दिवसापासून लांजेवार सव्वा वाजता जेवू लागले, आपल्या केबिनमध्ये, दार लावून. दीड वाजता कचेरी पहिल्या दहा वर्षांसारखी रिकामी व्हायची. दुसऱ्या खोलीतल्या टेबलावरचे लोक मात्र तिच्याशी अचानक गोड बोलू लागले. आपलं टेबल आत्याबाईच्या नजरेत येऊ नये म्हणून दोघा-तिघांनी तिला आग्रहाने जेवायला बोलावलं. ती गेली नाही. चोवीस वर्षं उशिरा आलेल्या आमंत्रणाला काय घालून जायचं, तिला कळेना.

झाकण लांजेवारांच्या खिडकीतच राहिलं. तिने मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. प्रतिवादीने अर्जदाराशी बोलू नये, असं नोटिशीत छापलेलं होतं, आणि लांजेवार छापलेलं मानणारे गृहस्थ. ती डब्यावर बशी ठेवून फडकं बांधू लागली. डाळ सांडे. पिशवीतल्या सगळ्या कागदांना हळदीचे डाग पडले. तिच्या अर्जाची जी प्रत न्यायाधिकरणात दाखल झाली, तिला आजही लाखोरीचा वास येतो असं म्हणतात.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. आत्याबाईने लावलेला हा भंडाऱ्यातला पहिला निकाल असणार होता. यंत्राची तज्ज्ञ नागपूरहून आलेली एक मुलगी होती. तिने वाटा दाखवल्या, वाक दाखवला, टक्के सांगितले. लांजेवारांनी वकील दिला नव्हता. ते इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले.

“मी लिहिलं ते खरं आहे,” ते म्हणाले. “वाईट हेतू नव्हता, पण ते काही मोजता येत नाही म्हणतात. मला फक्त एक विचारायचं आहे या मॅडमना.”

अध्यक्षांनी मान हलवली.

“त्या दुसऱ्या वाटेवर, तो जो यशोधर आहे, त्याच्यासोबत मी जेवत होतो का?”

मुलीने पान शोधलं. “नाही सर. शून्य.”

“मग मी कोणासोबत जेवत होतो?”

मुलीने पडद्यावर तक्ता पुन्हा उघडला. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

“कोणासोबतच नाही, सर. चौदा वर्षं, दीड ते दोन, त्या खोलीत एकच नोंद आहे.”

लांजेवारांनी, एखाद्या बदलीच्या गावाचं नाव ऐकावं तशी, मान डोलावली आणि खाली बसले. यशोधरा त्यांच्याकडे पाहत होती. चौदा वर्षं तिला वाटत आलं होतं, की ते तिला सोबत देतात.

निकाल त्याच दिवशी लागला. अध्यक्षांनी तो उभं राहून वाचला. नियमाने बसून वाचायचा असतो. श्रीमती गजभिये यांना मानीव दिनांकापासून बढती देण्यात येत होती, म्हणजे जी तारीख आली नाही ती आली होती असं मानून. त्यामुळे कागदोपत्री ती गेली पाच वर्षं कार्यकारी अभियंता होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच. पवनी केंद्राचा ताबा तिने पुढच्या सोमवारी घ्यायचा होता. प्रतिवादीस ताकीद. अहवालात मागील वर्षाचा मजकूर जसाच्या तसा उतरवण्यास राज्यभर मनाई. या शेवटच्या आदेशावर सभागृहातल्या सरकारी माणसांनी सुस्कारा सोडला, आणि दोघांनी आदेशाचा मसुदा कोणत्या जुन्या आदेशावरून करायचा याची कुजबुजत चौकशी केली.

“हा निकाल,” अध्यक्ष म्हणाले, “या देशातल्या प्रत्येक नोकरदार स्त्रीसाठी उघडलेलं एक दार आहे. पुढच्या पिढ्या भंडाऱ्याचं नाव घेतील.” कॅमेरे यशोधराकडे वळले. तबस्सुमबाईंनी डोळे पुसले आणि रुमालाऐवजी फाईल हातात आल्याने कपाळाला टाचणी लावून घेतली. “अर्जदारांना न्यायाधिकरणापुढे काही म्हणायचं आहे?”

यशोधरा उभी राहिली. एक्स्टेन्शन बोर्डाची गुणगुण ऐकू येत होती. तो अजून परत गेलेला नव्हता.

“एकच विनंती आहे, साहेब,” ती म्हणाली. “लांजेवार साहेबांच्या खिडकीत माझ्या डब्याचं झाकण राहिलंय. तेवढं मिळावं. त्यांनी स्वतः दीड वाजता आणून दिलं तरी चालेल.”